छोटं वांकेल रोटरी इंजिन पेट्रोलऐवजी जेट फ्युएलवर चालेल का? ट्रॉलरवरून उडवायचंय

शापोऱ्याचा_पोर

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज फोंड्याकडे, घर शापोऱ्याला. आम्ही चौघं मिळून प्रोजेक्ट करतोय, फिक्स्ड विंगचं ड्रोन, पंख तीन मीटर, सगळं धरून वीसेक किलो. ट्रॉलरच्या मागच्या डेकवरून रबराने फेकायचं आणि वरून कॅमेऱ्याने तारले-बांगडे कुठे गोळा झालेत ते बघायचं. बॅटरीवर पाऊण तास पण धड उडत नाही आणि आमची बोट पहाटे निघते ती दुपार टळल्यावर येते, म्हणून इंजिन. सरांच्या ओळखीने एक छोटं सिंगल रोटर वांकेल मिळालंय, ३० सीसी, बाहेरून हवेने थंड होणारं, एक कार्ब्युरेटर, एक स्पार्क प्लग. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून लॅबमध्ये चालवलं, काय गोड चालतं म्हणून सांगू, टेबलावर पाण्याचा ग्लास होता त्यातलं पाणी जेमतेम थरथरलं.

अडचण घरची आहे. बाबा म्हणतात बोटीवर पाचशे लिटर डिझेल आहे ते चालेल पण पेट्रोलचा कॅन आणलास तर तुला आणि तुझ्या विमानाला दोघांनाही पाण्यात घालीन. त्यांचं पण बरोबर आहे, केबिनमागे खलाशांचा गॅस पेटलेला असतो, कढी उकळत असते, कुणीतरी विडी ओढत असतो. मग वाचनात आलं की रोटरी इंजिनाला ऑक्टेनचं फारसं पडलेलं नसतं आणि विमानांची रोटरी इंजिनं पेट्रोल सोडून जेट फ्युएलवर चालवायचे प्रयोग बऱ्याच वर्षांपासून चाललेत. जेट फ्युएल म्हणजे शेवटी स्वच्छ रॉकेलच ना? तर मग नुसतं टाकीत ओतून चालेल का, नसेल तर नक्की काय आडवं येतं, आणि चाललंच तर इंजिनाचं काय होईल. सरांना विचारलं तर म्हणाले लिटरेचर सर्व्हे करा :)

म्हापसेकर_जुना

रोटरी म्हणजे ती ना, पहिल्या महायुद्धातली, अख्खे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरायचे? ती एरंडेल प्यायची रे, पायलटचं पोट बिघडायचं म्हणतात. बोगमाळोच्या नेव्हीच्या म्युझियममध्ये ते मोठं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे त्याला पण तसलीच असणार. सोड नाद. मासे पाण्याचा रंग बघून आणि पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघून शोधायचे असतात, आमच्या आजोबांना कॅमेरा लागला नाही.

हँगरवाला_काका

म्हापसेकर, तुम्ही तीन पदार्थांची मिसळ केलीत. सिलिंडर फिरायचे ती नोम आणि ल रोन सारखी फ्रेंच इंजिनं, एरंडेल त्यांच्यातच, ते खरं. कॉन्स्टेलेशनला आहेत ती राइट आर-३३५०, १८ सिलिंडर दोन ओळीत चांदणीसारखे लावलेले पण ते जागच्या जागी, फिरतो तो आतला शाफ्ट, त्याला रेडियल म्हणतात. पोराचं आहे ते वांकेल, त्यात सिलिंडर नाही की पिस्टन नाही, कमरेत आवळलेल्या घरात तिकोनी रोटर फिरतो.

मी नेव्हीत २२ वर्षं विमानांच्या मेंटेनन्सला, त्यातली निम्मी दाबोळीला. पोरा, तुझे बाबा जे बोलले ते आमच्याकडे जवळजवळ धर्म आहे. पेट्रोल उणे ४० ला सुद्धा पेटेल एवढी वाफ सोडतं. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३८ डिग्री असावा लागतो, आणि जहाजावर वापरतात त्या जेपी-५ चा किमान ६०. हे आकडे अनुभवातून आलेत. १९४२ ला कोरल सीच्या लढाईत अमेरिकेचं लेक्सिंग्टन हे विमानवाहू जहाज टॉर्पेडो आणि बॉम्ब खाऊनही चालत होतं, आगी आटोक्यात आल्या होत्या, पण फुटलेल्या टाक्यांतली पेट्रोलची वाफ जहाजाच्या पोटात साठत गेली आणि एका इलेक्ट्रिक मोटरच्या ठिणगीने सगळं उडालं. दोन वर्षांनी जपान्यांच्या ताईहोचं तेच झालं, एक टॉर्पेडो, आणि मग काही तासांनी वाफेचा स्फोट. आपली पहिली विक्रांत १९६१ ला आली तेव्हा तिच्यावर सी हॉक जेट आणि अलिझे टर्बोप्रॉप, दोन्ही रॉकेलच्या जातीवर चालणारी.

फक्त एक लक्षात ठेव, मे महिन्यात उन्हात तापलेल्या डेकचा पत्रा ३८ च्या वर सहज जातो. म्हणजे रॉकेल आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कॅन सावलीत. इंजिनातलं मला इतकं कळत नाही, ते जाणकार सांगतील, आमची सगळी टर्बाइनं, त्यांना काय, पेटतं ते सगळं चालतं.

चाकण_टू_चिखली

चांगला प्रश्न. पुण्याला इंजिन टेस्टिंगमध्ये पंधरा वर्षं काढली, आता चिखलीला सासरवाडीच्या घरात राहून कन्सल्टिंग करतो, त्यामुळे वेळ आहे, मोठं लिहितो.

आधी ऑक्टेन. इंधन दाबलं, तापलं तरी आपणहून न भडकता स्पार्कची वाट बघत बसतं, त्या धीराचा आकडा म्हणजे ऑक्टेन. विमानाचं पेट्रोल, १००एलएल, या बाबतीत एकदम संयमी, शिसं घालून १०० केलेलं असतं. जेट फ्युएलला ऑक्टेनचं स्पेसिफिकेशनच नाही कारण टर्बाइनला त्याचा उपयोग नाही, मोजला तर पंधरा-वीस-पंचवीस असा काहीतरी भरतो. नेहमीच्या पिस्टन इंजिनात हे घातलं तर ठोके पडून पिस्टनला भोक. वांकेलमध्ये लाल तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व नसतो, हवा घेण्याची बाजू आणि जळण्याची बाजू हाउसिंगवर वेगवेगळ्या जागी असतात, ताजं मिश्रण गरम जागेला लवकर भेटत नाही, म्हणून ते कमी ऑक्टेनला सांभाळून घेतं. याच कारणाने माझदाने आरएक्स-८ ही कार हायड्रोजनवर सुद्धा चालवून दाखवली. तेव्हा तू वाचलंस ते खोटं नाही. पण सांभाळून घेणं म्हणजे ८७ चं पेट्रोल, रॉकेल नव्हे. आणि वांकेलमध्ये ठोका पडला की पिस्टनपेक्षा वाईट, रोटरच्या टोकाचं सील, एपेक्स सील, चिनीमातीच्या कपासारखं तुटतं आणि तुकडे एक्झॉस्टमधून बाहेर, जाताजाता हाउसिंग खरवडून.

तरी माझ्या मते तुझ्या इंजिनाचं ऑक्टेन हे दोन नंबरचं दुखणं. एक नंबर म्हणजे वाफ. पेट्रोल तीस-पस्तीस डिग्रीपासून उकळायला लागतं, रॉकेल किंवा एटीएफ (म्हणजे जेट फ्युएलच) दीडशेच्या आसपास सुरू होऊन ३०० पर्यंत चालतं. कार्ब्युरेटरमधून ते वाफ म्हणून येतच नाही, थेंब म्हणून येतं. पिस्टनचा चेंबर त्यातल्या त्यात गोळीबंद असतो, वांकेलचा चेंबर लांब, चपटा, होडीसारखा, म्हणजे आकारमानाच्या मानाने भिंतच भिंत. थेंब भिंतीला चिकटतात, तिथली ऑइलची पापुद्र्याएवढी फिल्म धुऊन टाकतात, सील कोरडं घासतं. जे उरतं ते अर्धवट जळून काजळी होते आणि सीलच्या खाचेत जाऊन बसते, सील खाचेत अडकलं की कॉम्प्रेशन गेलं. स्पार्क प्लग पण बघ, वांकेलमध्ये तो भिंतीच्या मागे छोट्या भोकात लपलेला असतो कारण समोरून सील जातं, ते भोक ओलं झालं की ठिणगी आतल्या आत मरते.

म्हणशील मग डिझेलसारखं दाबूनच का पेटवू नये. वांकेलच्या भूमितीत कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही, वाढवायला गेलं की इंजिन मोठं होतं आणि चेंबर अजून चपटा आणि गळका. रोल्स-रॉइसने साठीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यासाठी यावर एक तोडगा काढला होता, एक मोठा रोटर नुसती हवा दाबायला आणि दुसरा छोटा रोटर त्या दाबलेल्या हवेत डिझेल जाळायला. चाललं, पण प्रोटोटाइपच्या पुढे गेलं नाही.

खरा रस्ता कर्टिस-राइटने काढला. त्यांनी १९५८ ला जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून वांकेलचं लायसन्स घेतलं आणि पुढे स्ट्रॅटिफाइड चार्ज नावाचा प्रकार केला. नुसती हवा आत घ्यायची, दाबायची, आणि स्पार्कच्या अगदी शेजारी एक बारीक पायलट इंजेक्टर, त्याने चिमूटभर इंधन सोडून ती ज्योत पेटवायची, मग मोठा इंजेक्टर त्या ज्योतीत बाकीचं इंधन ओतत राहणार. गॅसच्या शेगडीसारखं, सोडलं की जळलं. इंधन चेंबरमध्ये ताटकळत उभंच राहत नाही, म्हणून ऑक्टेनचा प्रश्न संपला, आणि पेटवायला स्पार्क आहे म्हणून डिझेलवाला सीटेन, म्हणजे दाबाने आपणहून पेटायचा गुण, तो पण लागत नाही. पेट्रोल, डिझेल, जेट, काहीही घाल. आणि गंमत म्हणजे ज्या आकाराला आपण मघाशी नावं ठेवली तोच आकार इथे मदतीला येतो. रोटर हवेला एकाच दिशेने इंजेक्टरच्या तोंडासमोरून ढकलत नेतो, पिस्टनमध्ये हीच हवेची घुमण मुद्दाम तयार करायला डिझायनर लोक डोकं खाजवतात. नासाने १९८० च्या दशकात यात पैसे घातले, १९८४ ला जॉन डिअरने, हो तेच ट्रॅक्टरवाले, हा धंदा विकत घेतला. पण नेमकं तेव्हाच अमेरिकेत छोट्या विमानांचं मार्केट बसलं, १९७८ ला वर्षाला १७ हजारांवर विमानं बनत होती ती १९८७ ला हजारभरावर आली. चांगलं इंजिन चुकीच्या मुहूर्तावर.

तुझ्यासाठी तात्पर्य काय, तर ३० सीसीला ते दोन-दोन इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, घरी होणारं काम नाही. पण एक गोष्ट बघून सांग. तुझ्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण सरळ चेंबरमध्ये जातं की आधी रोटरच्या पोटातून जातं?

ओबीएम_मेस्त्री

चाकणवाल्या सरांनी लय भारी लिहिलं, मला निम्मं कळलं पण जे कळलं ते रोज हाताने बघतो. माझं आउटबोर्डचं गॅरेज, शिवोलीच्या बाजूला. रॉकेलवरची ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावतात ती आउटबोर्ड मोटर, तीस वर्षं खोलतोय. बाळा, रॉकेलवर स्पार्कचं इंजिन चालतं, किनाऱ्यावर हजारो होड्या चालल्यात. पण नुसतं ओतून चालत नाही.

पद्धत अशी. थंड इंजिन पेट्रोलवर चालू करायचं, बाजूला छोटी पेट्रोलची टाकी असते. दोन-तीन मिनिटं चालून हेड हाताला चटका देण्याइतकं तापलं की कॉक फिरवून रॉकेल. घाई केलीस तर पांढराफटक धूर, डोळे चुरचुरतात, आणि इंजिन खोकून बंद, प्लग काढून बघ, ओला आणि वर शाईसारखा काळा. आणि बंद करायच्या आधी परत मिनिटभर पेट्रोल, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं रॉकेल संपतं आणि उद्या सकाळी चालू होतं. हे विसरणारा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. कंपनी रॉकेलचं मॉडेल वेगळंच काढते, कॉम्प्रेशन कमी, म्हणून त्याच साइजच्या पेट्रोल मशीनपेक्षा ताकद कमी.

दुसरं, शेतातले फोर स्ट्रोक पंप असतात ना पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालणारे, त्यांच्यात एक खोड. न जळलेलं रॉकेल रिंगांतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. मालक डिपस्टिक बघतो, लेव्हल उलट वाढलेली, खूश होतो, म्हणतो मेस्त्री माझं इंजिन ऑइल खातच नाही. महिन्याभरात बेअरिंग खल्लास. ऑइलचा थेंब बोटांत चोळून वास घे, रॉकेलचा वास आला की समज. तू ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतोस, तुझ्या रोटरीत खाली ऑइलचं भांडं नाही, म्हणजे हा त्रास वेगळ्या जागी होणार, पण होणार.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, रॉकेलवरचं मशीन आयडलला ठेवायचं नाही. जेटीवर गप्पा मारत दहा मिनिटं टुकटुक करत ठेवलं की आतून थंड होतं, प्लग भिजतो, आणि रेस दिली की ठप्प. होडीत ठीक आहे, वल्हं आहे. तुझ्या विमानाला वल्हं कुठाय.

शापोऱ्याचा_पोर

बाप रे, एवढं कुणी कॉलेजात नाही सांगितलं. @चाकण_टू_चिखली सर, बघितलं आत्ता. मिश्रण आधी रोटरच्या आतून जातं, एका बाजूच्या कव्हरमधून शिरतं, रोटरच्या पोकळीतून आडवं दुसऱ्या बाजूला आणि मग इनटेकला. आम्हाला वाटलं होतं की डिझाइन जुनाट आहे म्हणून असं वळसा घालून. आणि मेस्त्री, ते आयडलचं वाचून पोटात गोळा आला, कारण आमचा प्लॅन असा होता की उतरताना थ्रॉटल बंद करून घिरट्या घालत खाली यायचं आणि जाळ्यात पकडायचं.

एक उपप्रश्न, मेस्त्री म्हणतात तसं कॉम्प्रेशन कमी करायचं तर यात हेड गॅस्केट नाही, कुठून कमी करू?

चाकण_टू_चिखली

जुनाट नाही रे, तुझं नशीब आहे. याला चार्ज कूल्ड रोटर म्हणतात, जर्मन सॅक्सच्या छोट्या वांकेलमध्ये हेच होतं. मिश्रण रोटरला थंड करतं आणि स्वतः तापतं. पेट्रोलवर हा तोटा, तापलेली हवा पातळ होते, ताकद जाते. रॉकेलवर हाच फायदा, तुला फुकटचा हीटर मिळाला, इंजिन तापल्यावर थेंबांची बरीचशी वाफ रोटरच्या पोटातच होईल. म्हणून तुझ्या इंजिनावर प्रयोग करायला हरकत नाही, दुसरं असतं तर नको म्हटलं असतं. पण तीच वाट बेअरिंगला ऑइल पोचवते, आणि मेस्त्रींनी सांगितलेलं रॉकेलचं धुणं तिथे होणार. ऑइलचं प्रमाण पेट्रोलपेक्षा वाढव, आणि दर तासाने खोलून बेअरिंग बघायची तयारी ठेव.

कॉम्प्रेशन रोटरच्या तोंडावरच्या खड्ड्याने ठरतं, तिन्ही तोंडांवर जी खोलगट जागा कोरलेली आहे ती. ती खोल केली की कमी होतं. पण तिन्हीकडून अगदी सारखं काढायचं नाहीतर बॅलन्स गेला, आणि मघाचं ग्लासातलं पाणी टेबलावर. आधी ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकून, आणि अर्ध्या थ्रॉटलवर चालवून बघ, खरंच ठोके ऐकू आले तरच मशीनिंग.

सेसना_मामा

मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होतो, आता रिटायर, पर्वरीला. जरा विमानवाल्यांची बाजू. ही जेट फ्युएलची ओढ का लागली ते पोरांना कळत नाही. आपल्याकडे मोठा विमानतळ म्हटला की एटीएफ असतंच, दाबोळी घ्या मोपा घ्या, पण १००एलएल शोधायला लागतं. कित्येक वर्षं ते परदेशातून पिंपात यायचं, पिंप उशिरा आलं की ट्रेनिंग बंद, पोरं हॉस्टेलवर कॅरम खेळत बसायची. इंडियन ऑइलने २०२२ च्या सप्टेंबरला वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी अॅव्हगॅस, म्हणजे हेच १००एलएल, बाजारात आणलं तेव्हा कुठे जरा श्वास घेतला.

पण खरं सांगू का, माणसं बसतात त्या विमानांत ही लढाई रोटरीने नाही जिंकली, साध्या डिझेल पिस्टनने जिंकली. डायमंडच्या डीए४२ मध्ये बसतं ते ऑस्ट्रोचं इंजिन मर्सिडीजच्या कारच्या डिझेलवरून केलेलं, जेट ए-१ पितं, एकच लीव्हर, मिश्रण हाताने जुळवणं नाही, कार्ब्युरेटर गरम ठेवायची भानगड नाही. वर लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त कारण रॉकेल जड असतं. वांकेल उरलं ते मोटर ग्लायडर आणि ड्रोनमध्ये, जिथे वजन आणि थरथर दोन्ही नको असतं. आणि तिथे सुद्धा अमेरिकन आर्मीच्या शॅडो ड्रोनला २०८ सीसीचं ३८ एचपी वांकेल होतं ते पेट्रोलवरच, अख्खी आर्मी एकाच जेट फ्युएलवर आणायचं धोरण असताना या ड्रोनसाठी पेट्रोल वेगळं वाहायचे. सोपं असतं तर त्यांनी केलं नसतं का?

शापोऱ्याचा_पोर

मामा पॉइंट आहे. पण मग ते स्कॅनईगल ड्रोन? ते तर जहाजावरून उडतं आणि रॉकेलवर.

सेसना_मामा

त्याचं पिस्टन आहे, टू स्ट्रोक. आणि त्यात ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटलचं इंजेक्शन, दाबाच्या हवेने इंधन फोडून धुक्यासारखं बारीक करतात. म्हणजे चाकणवाले म्हणतात तेच, वाफ होत नाही तर निदान धुकं करा. पण बरं काढलंस नाव. तुला माहीत आहे का, त्या ड्रोनचा मूळ धंदा तुझाच होता, ट्यूना पकडणाऱ्या बोटींवरून मासे हुडकायचे. लष्कर नंतर आलं. घरी सांग बाबांना.

म्हापसेकर_जुना

म्हणजे अमेरिकेच्या आजोबांना पण कॅमेरा लागला तर.

रिमोटवाला_डिचोली

एक आयडिया. मी आरसी जेट उडवतो, छोटं टर्बाइन. आमची जुनी टर्बाइनं रॉकेलवर थेट चालूच व्हायची नाहीत, आधी प्रोपेन गॅसवर पेटवायची आणि आरपीएम चढले, तापली की पंप रॉकेल सुरू करायचा. तू पण चालू करायला पेट्रोल कशाला घेतोस, गॅस घे. छोटा बुटेनचा कॅन, कॅम्पिंगच्या शेगडीचा, इनटेकमध्ये बारीक नळी. गॅस आधीच वाफ असतो, थंड इंजिनात लगेच पेटतो. डेकवर दोन-तीन मिनिटं गॅसवर तापव, रॉकेलवर बदल, अर्धा मिनिट नीट चालतंय बघ, मग फेक. कॅन डेकवरच राहतो, विमानात पेट्रोल नाही की गॅस नाही. तुमच्या बोटीवर गॅस तसाही आहे, कढीसाठी.

हँगरवाला_काका

आयडिया वाईट नाही पण थांबा. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, डेकवरून घरंगळत बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो, आणि बिल्जमध्ये पंपाची मोटर. लेक्सिंग्टनची गोष्ट उगाच नाही सांगितली. करायचं तर अगदी मागच्या टोकाला, उघड्यावर, वारा बोटीकडून समुद्राकडे असताना, हॅच बंद, आणि तेवढा वेळ कढीची शेगडी बंद. काम झालं की नळी काढून कॅन बाहेरच्या बाजूला बांधायचा, केबिनमध्ये न्यायचा नाही.

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. रॉकेल पाणी धरून ठेवतं, पेट्रोलसारखं पटकन खाली सोडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये रात्रीत घाम सुटल्यासारखं पाणी जमतं, आणि रॉकेल-पाण्याच्या सांध्यावर फंगस धरतं, काळा बुळबुळीत थर, फिल्टर चोंदला की विमान खाली. आम्ही रोज सकाळी टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडाकडे धरायचो, गोल फिरवायचं, तळाला मोत्यासारखा थेंब दिसतो का बघायचं, आणि वर वॉटर डिटेक्टरची कॅप्सूल, पिवळ्याची हिरवी झाली की ते इंधन परत. तुला कॅप्सूल नको, लोणच्याची स्वच्छ बरणी पुरे. आणि एटीएफच्या मागे लागू नकोस, सुटं तुला कोणी देणार नाही. चांगलं पांढरं रॉकेल घे, दोनदा गाळून.

ओबीएम_मेस्त्री

पांढरंच. रेशनचं निळं मिळालं तरी घेऊ नको, ते वापरायचं नसतं आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे.

सेसना_मामा

आणि गंमत म्हणजे १००एलएल पण निळंच असतं. आमच्याकडे एका नव्या पोराने निळा रंग बघून कॅन ओळखला होता, नशिबाने वास घेतला आधी.

शापोऱ्याचा_पोर

सगळ्यांना धन्यवाद. आज चौघं बसलो आणि ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर कान पकडा. ड्रोन सध्या बाजूला. इंजिन लॅबच्या स्टँडवर, सुरुवात बुटेनवर, मग रॉकेल, ऑइल जास्त, टायमिंग मागे. तापमानाचे दोन सेन्सर, एक प्लगच्या बाजूला आणि एक समोरच्या थंड बाजूला. उतरताना थ्रॉटल बंद करायचा नाही, अर्ध्यावर ठेवून सरळ जाळ्यात, म्हणजे जाळं मजबूत हवं, ते मात्र आमच्याकडे भरपूर आहे. दर तासाने खोलून सील आणि बेअरिंगचे फोटो इथे टाकीन. उडवायची परवानगी वगैरे नंतर, आमच्याकडे मोपा एका बाजूला आणि नेव्ही दुसऱ्या बाजूला, नकाशा बघून आधीच घाम फुटलाय.

बाबांना बुटेनचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं किती मिनिटं शेगडी बंद ठेवायची. म्हटलं पाच. म्हणाले खलाशांना तू सांग, मी नाही सांगणार.

ओबीएम_मेस्त्री

स्टँडवर पहिल्यांदा रॉकेलवर टाकशील तेव्हा मला बोलव, रविवारी गॅरेज बंद असतं. येताना चार नवे प्लग आणून ठेव, तीन तरी भिजणार. आणि तो ग्लास पण ठेव टेबलावर, मला बघायचाय.